कोतवालाचा डोळा

भर दुपारच्या लग्नात नवरदेवाचं तोंड काळं येतं. तो मुळात गोरा असो का सावळा, काही फरक पडत नाही. ऊन डोक्यावर, कपाळाला बाशिंग आणि बाशिंगाची सावली थेट हनुवटीपर्यंत. मंडप लख्ख, करवल्या लख्ख, मधोमध उभा असलेला नवरदेव तेवढा बिनचेहऱ्याचा. मग अल्बम न्यायला आलेला मुलीचा बाप पानं उलटत म्हणतो, "सगळे आले भाऊ, जावई कुठी गेला?"

आमच्या धंद्यात या सावलीवर एकच औषध आहे. भर उन्हात फ्लॅश मारायचा. कळंबला चिंतामणीच्या देवळाजवळ एका लग्नात मी असा फ्लॅश मारत होतो, तर नवरदेवाकडचे एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढं ऊन पडलं, अन् हा बॅटरी लावून राह्यला. याले कमी दिसते काय?" वऱ्हाड पोट धरून हसलं. मीही हसलो. फोटो तयार झाले तेव्हा त्याच आजोबांनी स्वतःच्या फोटोची जादा कॉपी मागून नेली. पागोट्याखालचं त्यांचं तोंड पहिल्यांदाच कोणीतरी उजेडात आणलं होतं.

याला फिल फ्लॅश म्हणतात. उजेड पाडायचा नसतो, सावली भरायची असते. खड्ड्यात मुरूम टाकतात तसं. रस्ता काही नवा होत नाही, खड्डा तेवढा जाणवेनासा होतो.

अंकवाल्यांनी 'तुमच्या धंद्यातलं काही लिहा' म्हटलं, आणि शुद्ध लिहा असंही म्हटलं. पहिलं जमेल. दुसऱ्याचा प्रयत्न करतो, पण बोरी अरबच्या बाजारात जन्म गेलेल्या माणसाकडून फार अपेक्षा ठेवू नये. बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. अजूनही आहे, फक्त शटर मी उघडत नाही, पुतण्या उघडतो आणि दिवसभर झेरॉक्स काढतो. लग्नं मी इतकी काढली की आता डोळे मिटले तर सगळ्या नवऱ्या एकच होतात, सगळे नवरदेव एकच. एकाचंही तोंड वेगळं आठवत नाही, याचं मला कधीकधी फार वाईट वाटतं. पाखरं मात्र एकेक आठवतात. लग्नसराई संपली की कॅमेरा रिकामा आणि मीही रिकामा. रिकामा माणूस वावरात जातो आणि वावरात पाखरं असतात. मी पाखरांचे फोटो काढायला लागलो याचं एवढंच कारण.

पाखरू हे नवरदेवापेक्षा अवघड गिऱ्हाईक. नवरदेवाला मान वर करा म्हणता येतं. पाखरू फांदीच्या सावलीत बसतं आणि त्याच्या मागं पांढरंफट आभाळ असतं. कॅमेरा आभाळावर भाळतो आणि पाखराचा कोळसा करतो. तिथं फ्लॅशचा अगदी थोडा शेक द्यायचा. पूर्ण ताकदीचा सोळावा हिस्सा, कधी त्याहून कमी. जास्त झाला की पाखरू प्लास्टिकचं खेळणं दिसतं. फोटो पाहणाऱ्याला फ्लॅश कळला म्हणजे फोटो फसला. आचाऱ्याच्या मिठासारखं आहे हे, बरोबर पडलं तर कोणी नाव काढत नाही.

दोन गोष्टी मी कधी केल्या नाहीत. घरट्यावर फ्लॅश मारला नाही आणि अंधारात मारला नाही. यवतमाळचे एक साहेब गाडी घेऊन स्टुडिओत आले होते. त्यांना दिवाणखान्यात लावायला पिंगळ्याचा फोटो हवा होता, तोही काळोखातला, डोळे दिव्यासारखे पेटलेला. मी म्हटलं, "साहेब, काळोखात तुमच्या डोळ्यावर कोणी ट्रकचा लाईट मारला तर तुम्ही फोटोसाठी हसान का?" साहेब म्हणाले, तुम्ही फार बोलता. ते खरंच आहे. साहेब गेले आणि त्यांनी मोबाईलवरून कुठलं तरी विलायती घुबड उतरवून भिंतीवर लावलं, असं नंतर कानावर आलं.

पण मला सांगायचं आहे ते कोतवालाचं.

कोतवाल म्हणजे नखशिखांत काळं पाखरू. लांब शेपटी, टोकाला दोन फाटे झालेली. विहिरीवरच्या मोटारीच्या तारेवर, खांबावर, बैलाच्या पाठीवर बसतो. घार आली तर तिला पार नदीपलीकडे सोडून येतो. आमच्याकडं असं एक वावर नसेल जिथं तो नाही, आणि असा माणूस विरळा, ज्यानं त्याचा डोळा पाहिला आहे. काळ्या अंगात तो डोळा बुडून जातो. लांबून तर नाहीच, जवळूनही दिसत नाही. फिल फ्लॅशची खरी परीक्षा घ्यायची तर कोतवालावर घ्यावी. डोळा उघडला तर तुम्ही पास.

त्या हिवाळ्यात मी याच खटपटीत होतो. नदीपलीकडच्या तांड्याची वावरं माझ्या आवडीची. बंजारा मंडळींचा तांडा, कापूस आणि तुरीची वावरं, मधून पांदण, बैलगाडीपुरती वाट. सकाळी नदीवरून धुई, म्हणजे धुकं, यायची आणि वावरात बसून राहायची. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली. धुई कुठं संपली आणि कापूस कुठं लागला ते कळायचं नाही. त्या पांढऱ्यात कमरेइतकं बुडून उभं राहिलं की मला कित्येकदा वाटायचं, आपण अजून उठलेलोच नाही, बिछान्यातच आहोत आणि हे सगळं दुसरंच कोणीतरी पाहून राह्यलं आहे. मग ऊन यायचं. धुई विरायची आणि कापूस खालून उजेड फेकायला लागायचा. कोतवालाचं पोट त्या उजेडानं निळं व्हायचं. डोळा मात्र वर, अंधारातच.

अशाच एका सकाळी मी खांबावरच्या कोतवालाला फ्लॅश मारला आणि पऱ्हाटीतून आवाज आला, "ए भाऊ, काय मारून राह्यला रे माया पाखराले?"

कमरेला कापसाचं फडकं बांधलेली एक म्हातारी ओळीतून माझ्याकडं येत होती. मागं वेचणाऱ्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनीच तिला सांगितलं असणार. वावर तिचंच होतं. तांड्यात तिला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे आई. मीही तेच म्हणालो.

"मारून नाही राह्यलो याडी. फोटो काढून राह्यलो."

"फोटोले लाईट कायले? सूर्य मेला काय?"

मी तिला बाशिंगाची गोष्ट सांगितली, सावलीची सांगितली. "काळ्यात डोळा जाते याडी त्याचा. थोडासा उजेड देल्ला का दिसते."

म्हातारी आणखी जवळ आली. रागाचं तोंड होतं ते कुठल्या कुठं गेलं. "डोळा दिसते त्याचा?"

"दिसते ना. कसा असते सांगू काय?"

"सांगू नोको," ती एकदम म्हणाली. "मले पाह्याचा हाय."

मग तीच सांगायला लागली. लग्न होऊन या वावरात आली तेव्हापासून तिच्या मागं कोतवाल आहे. ती वेचायला बसली की तो जवळच्या काडीवर बसतो, ती पुढं सरकली की तोही सरकतो. "पऱ्हाटी हालली का किडे उडते, म्हणून येते तो. मले काय समजत नाही का. अन् हा काय पहिलाच थोडी राह्यला असन, त्याचा नातू-पणतू असन. पण इतके झाले, एकाचंबी तोंड म्या नीट पाह्यलं नाही. काळं म्हणजे काळंच. घरात सून आली तर आपण तिचं तोंड पाह्यतो का नाही? हा तर सुनेच्या पहिलेचा."

मी नुकताच काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. काही खास नव्हता, पण होता. तिनं कॅमेरा हातात घेतला, इकडं वळवला, तिकडं वळवला. "उन्हात दिसत नाही," म्हणाली. मीही म्हटलं, हो, उन्हात कोणालाच दिसत नाही.

"पण तुया लाईटनं त्याचे डोळे जातीन ना रे."

"नाही जात याडी."

"मले बी सगळे असंच म्हणत होते, काही होत नाही म्हणे." ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसली, पाय पसरले, फडकं सोडून बाजूला ठेवलं. "पहिले माया डोळ्यावर मार. मले काही झालं नाही तर त्याले मार."

मी नाही नाही म्हटलं. ती ऐकेना. शेवटी मी फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातात घेतला, पाखरासाठी ठेवतो तितकाच बारीक केला आणि तिच्या बाजूला उभा राहून मारला. ती समोर तुरीकडं पाहत, सुई टोचायची वाट पाहावी तशी बसून होती.

"मार ना," ती म्हणाली.

"मारला ना याडी."

"कधी?"

मी पुन्हा मारला. थोडा मोठा करून. दुसऱ्या बाजूनं मारला. पूर्ण ताकदीनं मारला. तिच्या गळ्यातल्या चांदीच्या हासळीवर उजेड लखकन उठला, मी स्वतः पाहिला. तिच्या पापणीला काही समजलं नाही. मग मी तिच्या अगदी समोर आलो, नाकासमोर, आणि मारला.

"हां," ती म्हणाली. "आता चमकलं काहीतरी."

मी फ्लॅश खाली घेतला. बाजूचं, खालचं, वरचं, सगळं गेलं होतं तिचं. नळीतून पाहावं तेवढं समोरचं उरलं होतं. त्या नळीच्या भरवशावर ती पऱ्हाटीच्या ओळीतून सरळ माझ्याकडं चालत आली होती.

"समजलं तुले," ती हळू आवाजात म्हणाली. बाया लांब गेल्या होत्या. "काचबिंदू हाय. थेंब टाकतो रोज. गेलेलं वापस येत नाही म्हणते डॉक्टर, राह्यलेलं टिकलं तर टिकलं. प्रल्हादले वाटते मले दिसते. म्या थोडंच सांगतलं त्याले."

प्रल्हाद तिचा मुलगा. शेती तोच पाहायचा.

"काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं तर वावरात येऊ देईन काय? ती इहीर पाह्यली ना?" वावराच्या मधोमध विहीर होती, बिनकठड्याची, जमिनीबरोबर. "माया पायाले वाट ठावी हाय. पण पोराचं मन मानन काय? घरी बसवन मले. अन् एक डाव घरी बसली का कुठला कोतवाल अन् कुठला डोळा. तू फोटो काढ. लवकर काढ. अन् कोणाजवळ बोलू नोको."

मी बोललो नाही. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बायकोनं दोनदा विचारलं, काय झालं. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याच्या आधी कोयता घेऊन गेलो, पांदणीतल्या बाभळीच्या काट्या तोडल्या, खुंट ठोकले आणि विहिरीभोवती कुंपण घातलं. प्रल्हाद आला. चांगला भरदार गडी, बोलायला गोड. "काका, फोटोग्राफी सोडली काय?" म्हणाला. मी म्हटलं, मी कॅमेऱ्यातून पाहत मागं मागं सरकतो बाबू, माझाच भरवसा नाही. तो हसला आणि दोन काट्या त्यानंही रोवून दिल्या.

आता फोटो. सांगतो म्हणून सोपं वाटेल. कोतवाल खांबावर, मी खाली, मध्ये बरंच अंतर. एवढ्या लांब फ्लॅशचा उजेड पोचत नाही, म्हणून त्याच्यापुढं भिंगाची एक डबी लावतात. भिंग उजेड गोळा करून लांब फेकतं. फार कामाची वस्तू, पण तिचं तोंड चुकून सूर्याकडं झालं तर ते भिंग उलटं काम करतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कॅमेरा धुऱ्यावर ठेवला होता. याडीनं भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला होता. पोटात भाकर, पाठीवर कोवळं ऊन, समोर तुरीच्या पिवळ्या फुलांवर फुलपाखरांची ये-जा. मी बसल्या बसल्या कुठं पोचलो होतो कोण जाणे. तेवढ्यात याडी म्हणाली, "कोणाच्या घरी चुलीत प्लास्टिकची पन्नी जळून राह्यली रे?"

चूल कुठली. माझ्या फ्लॅशचं तोंड भरताच्या वांग्यासारखं आत बसलं होतं आणि त्यातून धूर निघत होता. एवढी वर्षं लग्नं काढलेला माणूस, तिथं नवरदेव दोन हातांवर, कुठलं भिंग आणि कुठलं काय. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे, यंत्रांचे सर्किट दुरुस्त करतो. त्यानं फ्लॅश हातात घेऊन विचारलं, "याले तळलं काय?" केला त्यानं बरा, पण त्यात दिवस गेले. त्या दिवसांत मला झोप लागायची तीही अर्धवट. डोळा लागला की पांढरं वावर दिसायचं आणि त्यात याडी चालताना दिसायची, आणि तिच्याभोवतीचा कापूस कडेकडेनं विझत यायचा.

फ्लॅश घेऊन परत गेलो तेव्हा मी पांदणीतून तिला हात केला. पूर्वी मी समोर आलो की ती माझ्याकडं वळायची. आता वळली नाही. मी हाक मारली, तेव्हा आवाजाच्या रोखानं तिनं मान हळूहळू फिरवली आणि मला शोधून काढलं.

"आला काय," ती म्हणाली. "लवकर कर बाप्पा."

पण कोतवाल ऐकेना. मी खांबाजवळ गेलो की तो पलीकडच्या खांबावर. फ्लॅश उडाला की तो तुरीपार. फ्लॅशला भ्यायचा का माझ्या तोंडाला, ते त्यालाच माहीत. दोन-तीन दिवस असाच खेळ चालला. फोटो यायचे, त्यात शेपटी असायची, उडालेला पंख असायचा, डोळा नसायचा.

"तो तुले वळखत नाही," याडी म्हणाली. "थांब."

दुसऱ्या दिवशी धुई फाटत होती आणि पऱ्हाटीवरून काहीतरी चमकत येताना दिसलं. एक नाही, शेकड्यानं ठिपके. पांढऱ्या वावरावर पाण्यावरच्या उन्हासारखे ते हलत होते. जवळ आली तेव्हा पाहिलं तर याडी. अंगात कांचळी, कमरेला घेरदार फेटिया, डोक्यावरून ओढणी, आणि तिन्हींवर आरशाचे तुकडे शिवलेले. जुना बंजारा पेहराव. अलीकडं ती लुगडंच नेसायची, बाकीच्यांसारखं. कपड्यांना पेटीतल्या लिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

"सुनेनं काढून देल्लं," ती म्हणाली. "प्रल्हाद म्हणे, याडी कोणाच्या लग्नाले चालली? पहिले मी हेच घालून वेचाले येत होतो. या पाखरायले मायी चमक ठावी हाय."

ती ओळीत बसली आणि वेचायला लागली. डोळ्याला बोंडं दिसत नव्हती, हाताला ती माहीत होती. मी तिच्या मागं गुडघ्यावर बसलो, तिच्या खांद्याआडून कॅमेरा धरला. ती हलली की आरशातले उन्हाचे कवडसे पऱ्हाटीवरून पळायचे, तुरीवर चढायचे, विहिरीच्या कुंपणावर नाचायचे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी त्या कवडशांकडं पाहता पाहता फोटो, फ्लॅश, बोरी, सगळं विसरलो होतो. आणि मग एका खुंटावर कोतवाल होता. आला कधी ते पाहिलंच नाही. बाभळीच्या काट्यांत रोवलेल्या खुंटावर, माझ्या आजवरच्या सगळ्या कोतवालांपेक्षा जवळ. आरशातला एक कवडसा त्याच्या छातीवरून गेला, शेपटीवरून गेला, आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

मी श्वास धरला आणि मारला. फ्लॅश याडीच्या खांद्याजवळून उडाला. कोतवालानं मान तेवढी तिरपी केली. आणखी एक आरसा हालला, एवढंच त्याला वाटलं असावं. मी पुन्हा मारला. तो बसूनच.

पडद्यावर पाहिलं. डोळा आला होता.

"आला," मी म्हटलं.

"कसा हाय ते सांगू नोको," ती बोंड काढत म्हणाली. "अजून हाय काय तो तिथं?"

"हाय."

"मंग बसू दे त्याले."

फोटो मोठ्यातला मोठा करून आणायचा असं मी ठरवलं. आम्हा लग्नवाल्यांची ही खोडच आहे. गिऱ्हाईक जवळचं असलं की फोटो मोठा. आपल्याला वाटतं मोठं म्हणजे चांगलं दिसणार. यवतमाळहून दाराएवढा फोटो करून आणला, फळीवर चिकटवला, आणि एका दुपारी गाडीवर आडवा धरून तांड्यात नेला. पुतण्या गाडी चालवत होता, मी मागं. रस्त्यात वारा फळीत भरायचा आणि आम्ही दोघं कोतवालासकट नदीत जातो की काय असं वाटायचं.

याडी अंगणात खाटेवर बसली होती. प्रल्हाद घरीच होता. "बापरे काका, हे तं दरवाजा घेऊन आले," म्हणाला. पुतण्याला पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. मी फोटो याडीच्या पुढ्यात उभा केला, अगदी हाताच्या अंतरावर.

तिनं पाहिलं. मान खाली नेली, वर नेली. हात पुढं करून कागद चाचपला. प्रल्हाद कौतुकानं आधी फोटोकडं आणि मग आईकडं पाहत होता.

"काळं हाय," ती म्हणाली. "हेबी काळं हाय. इकडं बी काळंच." तिचा हात कागदावरून फिरत राहिला, डोळ्यावरून दोनदा गेला आणि पुढं सरकला. "काळंच हाय रे हे सगळं."

प्रल्हादचं हसू हळूहळू उतरलं. "याडी, हे काय, इथं तं हाय डोळा," तो म्हणाला आणि त्यानं बोट ठेवलं. ती बोटाच्या भलत्याच बाजूला पाहत होती.

एवढं करून मी तिच्यापुढं काळी भिंत आणून उभी केली होती. आणि मग माझ्या डोक्यात आलं. नळीतून दार पाहायचं असेल तर दाराजवळ जाऊन कसं चालेल? मी फळी छातीशी धरली आणि मागं सरकायला लागलो. एक एक पाऊल. खाट लांब गेली, तुळशीजवळून गेलो, बकरी उठून बाजूला झाली. मला फळीच्या वरून फक्त याडीचं डोकं दिसत होतं. ती कपाळाला आठ्या घालून पुढं झुकली होती. मी अंगणाच्या कडेला पोचलो, माझी पाठ कुडाला लागायला आली.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबलो. चहा उकळून उतू गेल्याचा वास आला, पण आत कोणी हाललं नाही.

"लाल हाय," ती म्हणाली.

मी फळी धरून उभा. हात भरून आले होते, पण हालायची हिंमत नव्हती. तिच्या तोंडावर जे आलं ते मला कोणत्याही नवरीच्या तोंडावर कधी दिसलं नाही, आणि माझे दोन्ही हात फळीला, कॅमेरा गळ्यात तसाच लटकलेला. मला रडू आलं. ते कोणी पाहिलं नाही, मी फळीमागं होतो.

"लाल हाय रे डोळा. निखारा असते तसा," ती म्हणाली. "अन् मायाकडंच पाहून राह्यला."

प्रल्हाद मधेच उभा होता. एकदा अंगणाच्या त्या टोकाला पाहत होता, एकदा आईकडं. त्याला सगळं समजलं होतं, मी सांगायची गरज उरली नव्हती. तो काही विचारणार होता.

"प्रल्हाद," याडीच म्हणाली.

"हो याडी."

"मले दिसत नाही बाप्पा. लय दिवसाचं दिसत नाही. तुले सांगतलं नाही म्या, मले हे पाह्याचं राह्यलं होतं. आता पाह्यलं. उद्यापासून मले धरून नेत जा वावरात."

आणि तिनं हात पुढं केला. प्रल्हाद उभा होता तिथून बराच बाजूला केला. तो सरकून त्या हातापाशी आला.